डिटेन्शन (तैवान, २०१७): श्वास रोखायला लावणारा गेम, आणि तो कुठे हात आखडतो

रातवा:

आधीच सांगतो, खाली कथा पूर्ण उघडी केली आहे. कोरी पाटी घेऊन खेळायचं असेल तर आधी खेळून या. तीन-चार तासांचा गेम आहे, एका रविवारी उरकतो.

'डिटेन्शन' मी परवा दुसऱ्यांदा संपवला. रेड कँडल गेम्स या तैवानच्या छोट्या स्टुडिओचा हा पहिला गेम, १३ जानेवारी २०१७ ला स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात आला. पॉइंट अँड क्लिक प्रकारातला, पण बाजूने दिसणारा. म्हणजे आपण डावीकडून उजवीकडे चालतो, दारं उघडतो, वस्तू उचलतो, एकीकडची वस्तू दुसरीकडे लावतो. काळ १९६० च्या दशकातला, जागा डोंगरातली ग्रीनवूड नावाची शाळा. वेई नावाचा मुलगा भर वर्गात डुलकी घेतो आणि जागा होतो तेव्हा वर्गात कोणीच नसतं. फळ्यावर फक्त वादळाचा इशारा लिहिलेला. सभागृहात गेल्यावर स्टेजवर एक मुलगी खुर्चीतच झोपलेली सापडते. ती फांग रे-शिन, वेईच्या पुढच्या वर्गातली. दोघं मिळून घरी जायला निघतात तर नदी रक्तासारखी लाल आणि पूल तुटलेला. थोड्याच वेळात वेई त्याच स्टेजवर उलटा टांगलेला दिसतो आणि तिथून पुढचा गेम आपण रे होऊन खेळतो. ज्याला आपण नायक समजत होतो तो पहिल्या अर्ध्या तासातच गेला! इथे मी माउसवरून हात काढला होता.

आता मुख्य मुद्दा. या गेममध्ये हत्यार नाही, पळापळ करून सुटका नाही. व्हरांड्यात समोरून भूत येताना दिसलं की एक बटण दाबून श्वास रोखायचा आणि त्याच्या अंगाला घासून, त्याच्याकडे न बघता पुढे सरकायचं. श्वास फार वेळ रोखता येत नाही. घाईत लवकर सोडला की संपलं. माझं पहिल्यांदा तेच झालं. भूत पार झालं असं वाटून मी बटण सोडलं, रेने हवा आत घेतली आणि पाठीमागून त्याने गाठलं.

खेळताना ही निव्वळ एक युक्ती वाटते. नंतर कळतं की त्या शाळेतली माणसं जिवंतपणीही असंच जगत होती. तोंड बंद, नजर खाली, जवळून जाणाऱ्याला आपण आहोत हे कळू द्यायचं नाही. तैवानमध्ये तेव्हा मार्शल लॉ होता. बंदी घातलेली पुस्तकं चोरून वाचणारा एक छोटा गट या शाळेत आहे, आणि गेममधली सगळी मढी त्या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात. बोटाने दाबायचं बटण आणि कथेचा अर्थ असे एकजीव झालेले मी फार कमी हॉरर गेममध्ये पाहिलेत.

आणि म्हणूनच माझी तक्रार मोठी आहे. साधारण अर्ध्या वाटेवर गेम हे सगळं सोडून देतो. भुतं विरळ होत जातात, श्वासाचं बटण जवळजवळ निरुपयोगी होतं. शेवटच्या भागात आपण लांबलचक बोळांतून चालतो आणि आठवणी वाचतो. कथा उत्तम आहे, वाचताना घशाशी आवंढा येतो, पण खेळणं थांबलेलं असतं. ज्या हाताने मला घाबरवलं तोच हात त्यांनी खिशात घातला. तुम्हाला काय वाटतं?

पिंपळपार:

छान लिहिलंय. मी सावंतवाडीकडचा, त्यामुळे माझ्यासाठी या गेमची सुरुवातच वेगळ्या ठिकाणी झाली.

भुताचं लक्ष दुसरीकडे वळवायला गेममध्ये भाताची वाटी ठेवता येते, हे तुम्ही लिहिलं नाहीत. भात गच्च भरलेला आणि त्यात काड्या उभ्या खोचलेल्या. तिकडे मृताच्या पायाशी असा भात ठेवायची पद्धत आहे, म्हणून जेवताना चॉपस्टिक्स भातात कधीच उभ्या खोचत नाहीत. ती वाटी खाली ठेवली, भूत तिच्याकडे वळलं आणि मी पलीकडच्या दाराने निघालो, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमचा तिठा आला. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तिथे केळीच्या पानावर दहीभात, वर गुलाल, बाजूला लिंबू असायचं. आजी बजावायची, ओलांडू नको आणि वळून बघू नको. गेममधलं कंदीलवालं उंच भूत आलं की काय करायचं? पाठ फिरवायची, श्वास रोखून उभं राहायचं आणि बघायचं नाही. हे मला कुठल्याही चिठ्ठीत वाचावं लागलं नाही, अंगात आधीच होतं.

बाहेरच्या कित्येक हॉरर गेममध्ये भूत म्हणजे उडी मारून किंचाळणारं काहीतरी. इथलं भूत उपाशी आहे, त्याला जेवू घातलं की ते शांत होतं. भीतीसोबत कीव येते. माझ्या मते गेमची खरी ताकद ही. त्यांनी हे परदेशी खेळाडूंसाठी पातळ केलं नाही. शाळेत सापडणाऱ्या कागदांतून थोडं कळतं, बाकीचं आपण समजून घ्यायचं.

खारीक:

पिंपळपार, केळीचं पान वाचून काटा आला. आमच्याकडे विदर्भात पत्रावळीवर असतं.

रातवा, तुमच्या तक्रारीशी मी अजिबात सहमत नाही. भुतं कमी होतात कारण त्यांची गरज संपते. पहिल्या अर्ध्यात रेला काहीच आठवत नाही, म्हणून भीती बाहेर उभी असते. पुढे तिला आठवायला लागतं की या सगळ्याच्या मुळाशी ती स्वतः आहे. तिचं शाळेचे समुपदेशक चांग सरांवर प्रेम जडलेलं. चांग सर आणि यिन मॅडम यांच्यात काही आहे असा तिचा समज होतो. यिन मॅडम तो वाचनगट चालवतात. रे वेईकडून पुस्तकांची यादी मागून घेते आणि शाळेतल्या लष्करी अधिकाऱ्याच्या हातात नेऊन देते. यिन मॅडम तेवढ्या दूर व्हाव्यात, एवढंच तिच्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात सगळेच पकडले जातात. चांग सरांना मृत्युदंड, वेईला १५ वर्षं तुरुंग (स्टेजवर टांगलेला दिसला तो खरा नव्हताच), आणि यिन मॅडम मात्र देशाबाहेर निसटतात.

एवढं कळल्यावर व्हरांड्यात आणखी चार भुतं सोडली असती तर मला राग आला असता. त्या क्षणी मला रेचीच भीती वाटत होती, आणि मी तिलाच चालवत होते.

दुपारची_झोप:

कथेवर सगळेच बोलतायत, कोड्यांवर कोणी बोलत नाही. मी मुळात कोड्यांसाठी खेळणारा माणूस, म्हणून स्पष्ट लिहितो. कोडी सरासरी आहेत.

बहुतेक ठिकाणी साचा एकच. या खोलीत काहीतरी उचला, त्या खोलीत नेऊन लावा, दार उघडेल. खिशात एका वेळी दोन-तीनच वस्तू असतात, त्यामुळे डोकं चालवायची वेळ येत नाही, एक चालली नाही तर दुसरी चालतेच. रेची चाल संथ. तीच जिने-व्हरांड्याची फेरी तिसऱ्यांदा मारताना भीती विरते आणि नुसती रहदारी उरते. हॉरर गेममध्ये हा दोष मी मोठा मानतो. जागा एकदा पाठ झाली की तिची भीती जाते.

दोन कोडी मात्र मनातून जात नाहीत. एक, कळसूत्री नव्हे, हातात घालून नाचवायच्या बाहुल्यांचं. तैवानमध्ये ही बाहुलीनाट्याची जुनी परंपरा आहे. त्या बाहुलीचा गळा चिरायचा आणि वाटीत रक्त धरायचं. हे आपणच क्लिक करून करायचं असतं, गेम आपल्यासाठी करत नाही. मी तिथे बराच वेळ दुसरा काही मार्ग आहे का ते शोधत बसलो. मार्ग नव्हता.

दुसरं रेच्या घरातल्या रेडिओचं. काटा फिरवून स्टेशन बदललं की तेच घर वेगळ्या वेळचं होतं. एका स्टेशनवर घर सुखी, दुसऱ्यावर आई-बाबांचं भांडण. कोडं अवघड नाही, पण घरातलं पोर रोज संध्याकाळी हेच करत असतं ना, आज घरात कुठलं स्टेशन लागलंय याचा कानोसा घेत असतं. असं एकेक कोडं प्रत्येक प्रकरणात असतं तर मी या गेमला डोक्यावर घेतलं असतं.

आवळासुपारी:

मी गेम खेळत नाही, भाचीने खेळताना शेजारी बसून पाहिला. एक विचारायचं होतं, हा मार्शल लॉ वगैरे खरंच होता की गोष्टीपुरता? आणि शाळेत लष्कराचा माणूस कशाला?

कुंपणावरचा:

आवळासुपारी ताई, खरंच होता. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत तैवान जपानच्या ताब्यात होतं. नंतर ते चीनमधल्या क्वोमिंतांग पक्षाच्या सरकारकडे आलं. २८ फेब्रुवारी १९४७ ला सरकारविरोधात उठाव सुरू झाला आणि तो अतिशय क्रूरपणे चिरडला गेला. २० मे १९४९ पासून मार्शल लॉ लागला. त्याच वर्षी चीनमधलं कम्युनिस्टांविरुद्धचं यादवी युद्ध हरून त्याच पक्षाच्या च्यांग काय-शेकचं सरकार तैवानात आलं. मार्शल लॉ उठला थेट १५ जुलै १९८७ ला, म्हणजे ३८ वर्षांनी. त्या काळाला तिथे श्वेत दहशत म्हणतात. कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरून माणसं उचलली जात, लष्करी न्यायालयात खटले चालत, राजकीय कैदी ग्रीन आयलंड नावाच्या बेटावर डांबले जात. हेरांची खबर देणं हे प्रत्येकाचं कर्तव्य, अशा घोषणा जागोजागी असत.

शाळेतल्या लष्करी माणसाबद्दल: तिथल्या हायस्कुलांमध्ये लष्करी प्रशिक्षक नेमलेले असत. आपल्या एनसीसीच्या सरांसारखे परेडपुरते नाहीत, तर शिस्तीवर आणि मुलांच्या विचारांवरही लक्ष ठेवायला. गेममधला बाय नावाचा अधिकारी तो.

आणखी एक. गेमचं चिनी नाव 'फानश्याओ', म्हणजे शाळेत परतणं. इंग्रजी नाव 'डिटेन्शन' म्हणजे शाळा सुटल्यावर शिक्षा म्हणून बसवून ठेवणं, आणि स्थानबद्धताही. दोन्ही नावं चपखल आहेत, पण चिनी नाव शेवटी जास्त बोचतं.

माझ्या मते गेमचा एक दोष इथेच आहे. ज्याला हा इतिहास माहीत नाही त्याला यादी दिल्याने एवढं काय बिघडलं हे नीट उमगत नाही. धोका किती मोठा होता ते गेम सांगतो, पण फार उशिरा. माझा एक मित्र शेवटपर्यंत याला प्रेमभंगाची गोष्ट समजत होता.

जास्वंदी:

मी माध्यमिक शाळेत शिकवते, आठवी ते दहावी. हा गेम मुलाने मला आग्रहाने खेळायला लावला, आणि गेले दोन दिवस मी रेचाच विचार करते आहे.

सगळे चांग सरांविषयी आणि यादीविषयी बोलतात, पण त्याच्या आधीची एक गोष्ट सुटते आहे. रेचे वडील लष्करात अधिकारी, घरात दारू, मारझोड, बाहेरख्यालीपणा. आई देवभोळी, सगळं सोसणारी. आणि एक दिवस हीच आई नवऱ्याच्या लाचखोरीची खबर वर देते. वडिलांना घेऊन जातात. रे हे बघते. नको असलेला माणूस आयुष्यातून कसा काढायचा, हे तिला कोणी शिकवलं? घराने शिकवलं, तिच्या आईने. पुढे तिने केलं ते या धड्याची उजळणी होती. पंधरा-सोळा-सतरा वर्षांची मुलं मोठ्यांचं बोलणं विसरतात, पण मोठ्यांनी अडचणीतून कशी वाट काढली ते बरोबर लक्षात ठेवतात. मी रोज बघते.

गेम रेला माफ करत नाही आणि झोडपतही नाही. चांग सरांनी दिलेलं पांढऱ्या हरणाचं पदक ती गळ्यात घालते, तेवढी एकच मायेची वस्तू तिच्याकडे आहे. एका मोठ्या माणसाने एका एकट्या मुलीला असं गुंतू द्यायला नको होतं, हे गेमने स्पष्ट म्हणायला हवं होतं असं मला शिक्षिका म्हणून तीव्रतेने वाटतं. चांग सर शेवटपर्यंत सोज्वळच राहतात. मला ते खटकलं.

रातवाजींच्या मुद्द्यावर: शेवटी रेची सावली तिला प्रश्न विचारते. खरी उत्तरं दिली, स्वतःचा दोष कबूल केला, तर एक शेवट. नाकारत राहिली तर दुसरा, त्यात ती पुन्हा त्याच फेऱ्यात अडकते. म्हणजे पहिल्या अर्ध्यात जगण्यासाठी श्वास रोखायचा आणि शेवटी सुटण्यासाठी तोंड उघडायचं. भुतं जाण्याचं कारण मला यात दिसलं.

रातवा:

जास्वंदीताई, हे मला दोनदा खेळूनही दिसलं नव्हतं. आईचा धागा तर मी पारच सोडला होता. मनापासून आभार.

तरी माझी तक्रार पूर्ण जात नाही, फक्त बदलते. खारीक म्हणतात भुतांची गरज संपली, तुम्ही म्हणता श्वासाची जागा बोलण्याने घेतली. दोन्ही पटलं. पण हा बदल गेम माझ्या बोटांना कळू देत नाही. श्वासाचं बटण एका जागी अचानक निरुपयोगी व्हायला हवं होतं. म्हणजे भूत समोर आहे, मी सवयीने श्वास रोखतो आणि तरीही ते हलत नाही, कारण आता ते माझ्या तोंडून काहीतरी ऐकायला थांबलंय. असा एक प्रसंग मध्ये असता तर शेवटचे प्रश्न अंगावर आले असते. आत्ता ते एखाद्या प्रश्नपत्रिकेसारखे येतात, आणि कित्येकांना कळतही नाही की उत्तरांवर शेवट ठरतो. मलाही पहिल्यांदा कळलं नव्हतं.

दुपारची_झोप यांच्या संथ चालीच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. रेडिओच्या कोड्यासाठी तुम्ही लिहिलेलं वाक्य मी कॉपी करून ठेवतोय.

खारीक:

तुम्ही लिहिलेला प्रसंग खरंच असता तर मीही तुमच्या बाजूने मत दिलं असतं. हे मान्य करते.

आवाजाबद्दल कोणी काहीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. हेडफोन लावूनच खेळा. बरेचदा संगीत नसतंच. लाकडी जमिनीवर रेची पावलं, बाहेर पाऊस, आणि मध्येच लांब कुठेतरी काहीतरी घासल्याचा आवाज. आणि चित्रं. जुन्या फोटोंसारखा विटका, करडा रंग, त्यात लाल आला की तो फक्त रक्ताचाच असणार हे डोळ्यांना कळून चुकतं. अचानक दचकवणारे प्रसंग मोजकेच आहेत, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

कुंपणावरचा:

ज्यांना आवडला त्यांच्यासाठी पुढची माहिती. यावर २०१९ मध्ये तैवानमध्ये चित्रपट आला, जॉन शू दिग्दर्शक. त्याला त्या वर्षीच्या गोल्डन हॉर्स पुरस्कारांत पाच पुरस्कार मिळाले. २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर मालिकाही आली. चित्रपटात वाचनगटातली मुलं जास्त ठसठशीत आहेत. गेममध्ये वेई सोडला तर बाकीची नुसती नावंच राहतात, हा गेमचा आणखी एक उणा भाग.

याच लोकांचा दुसरा गेम 'डिव्होशन', फेब्रुवारी २०१९. १९८० च्या दशकातल्या तैपेईमधला एक फ्लॅट, आई, बाप, आजारी मुलगी. त्यात भिंतीवरच्या एका चित्रात चीनच्या राष्ट्राध्यक्षांची टिंगल दडलेली सापडली, चीनमधल्या खेळाडूंनी गदारोळ केला आणि आठवड्याभरातच गेम स्टीमवरून उतरवला गेला. स्टुडिओने माफी मागितली. डिसेंबर २०२० मध्ये एका दुसऱ्या दुकानाने विकायची घोषणा केली आणि त्याच दिवशी मागे घेतली. शेवटी मार्च २०२१ मध्ये स्टुडिओने तो स्वतःच्या संकेतस्थळावर विकायला ठेवला. ज्यांच्या पहिल्या गेममध्ये बंदी घातलेल्या पुस्तकांची यादी आहे, त्यांच्या दुसऱ्या गेमवर ही वेळ आली. मी तेव्हा बातमी वाचून खूप अस्वस्थ झालो होतो.

आवळासुपारी:

कुंपणावरचा, एवढं सविस्तर सांगितल्याबद्दल धन्यवाद. भाचीला हे सगळं वाचून दाखवलं. ती नववीत आहे. ती म्हणाली, "मावशी, मग वेईने यादी दिलीच कशाला?" मला उत्तर देता आलं नाही.

जास्वंदी:

तिला सांगा, त्याला रे आवडत होती, आणि तिने मागितली. त्या वयात एवढं पुरतं.

पिंपळपार:

हा धागा वाचून काल रात्री पुन्हा लावला. मागच्या वेळी मला वाईट शेवट मिळाला होता आणि गेम तसाच संपतो असं समजून मी बंद केला होता. या वेळी सावलीच्या प्रश्नांना नीट उत्तरं दिली. नवीन खेळणाऱ्यांनी शेवटच्या प्रकरणाच्या आधीचा सेव्ह जपून ठेवावा, नाहीतर दुसऱ्या शेवटासाठी बरंच मागून चालत यावं लागेल.

वेई तुरुंगातून सुटून, म्हातारा होऊन त्याच ओसाड शाळेत येतो. वर्ग तोच. तो एका बाकावर बसतो आणि समोर रे असते, तशीच, शाळेच्या कपड्यात. कुंपणावरचा यांनी चिनी नावाचा अर्थ सांगितला होता तो तिथे आठवला. रात्रीचा एक वाजला होता. नंतर मी बराच वेळ हेडफोन काढला नाही.